कपाळावरचं रेशीम

हेअरबँड ही वस्तू आपण फार हलक्यात घेतो. दुकानदार ती क्लचर आणि टिकटॉक पिनांच्या शेजारी लटकवतो, आपणही रंग जुळला की उचलतो. मला मात्र ही वस्तू दागिन्यांच्या पेटीपेक्षा अवजारांच्या पेटीत जास्त शोभणारी वाटते. तिचं सौंदर्य तिच्या कामातून आलेलं आहे, आणि त्याचा सर्वांत देखणा पुरावा टेनिसच्या मैदानावर सापडतो.

1919 साली विम्बल्डनच्या महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात सात वेळची विजेती, चाळिशीची डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स आणि वीस वर्षांची फ्रेंच खेळाडू सुझान लेंग्लेन समोरासमोर आल्या. चेंबर्सबाईंचा पोशाख युद्धापूर्वीच्या रिवाजाचा, लांब बाह्यांचा आणि घोट्याकडे पोचणाऱ्या स्कर्टचा. सुझानच्या बाह्या आखूड, स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत, आत कॉर्सेट नाही आणि डोक्यावर मऊ कापडी टोपी. राजे पाचवे जॉर्ज आणि मेरी राणी प्रेक्षकांत होते. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्सना दोन मॅच पॉइंट मिळाले, दोन्ही हुकले आणि सुझान 10-8, 4-6, 9-7 अशी जिंकली.

टोपी पुढे फार दिवस टिकली नाही. सुझानची त्या काळातली छायाचित्रं पाहिली तर कारण लगेच कळतं. कित्येक छायाचित्रांत तिचे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत. नर्तकीसारखी हवेत झेपावून चेंडू मारणाऱ्या बाईच्या डोक्यावर टोपी राहणार कशी? तिने केस कापून आखूड केले आणि टोपीच्या जागी रेशमाचा पट्टा गुंडाळला. 1921 मध्ये पॅरिसचा फॅशनकार जाँ पातू याने तिच्यासाठी बिनबाह्यांचा वरचा कपडा आणि चुणीदार पांढरा स्कर्ट शिवला, आणि त्यावर तिच्या डोक्याला होता झळझळीत नारिंगी पट्टा. पांढऱ्याशुभ्र मैदानी पोशाखात तेवढा एकच रंग. दूरच्या बाकावरच्या माणसालाही ती कुठे आहे ते कळत असणार.

हा पट्टा चांगला रुंद असे. मऊ, तलम रेशीम कपाळावरून, केसांच्या मुळांशी, डोक्याभोवती घट्ट लपेटलेलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत नसे, आखूड बटा तोंडावर येत नसत आणि पिना लागत नसत. सुझानने विम्बल्डनची एकेरी सहा वेळा जिंकली, 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं, आणि ज्यांनी आयुष्यात रॅकेट हातात धरली नव्हती अशा हजारो बायकांनी तिच्यासारखा पट्टा बांधला. त्यात नुसती नक्कल होती असं मला वाटत नाही. केस कापायचं नुकतंच धाडस केलेल्या बाईला त्या केसांचं करायचं काय, हा रोजचा प्रश्न होता. लांब केसांना अंबाडा असतो, वेणी असते. कानापर्यंतच्या केसांना आधार काय? सुझानच्या कपाळावर त्याचं उत्तर होतं.

तिच्याआधीही पॅरिसमध्ये डोक्याला पट्टे होतेच. पॉल प्वारे या फॅशनकाराने 1910 च्या आसपास फेटे आणि रत्नजडित पट्ट्यांची हौस लावली होती, पण ती मेजवान्यांची हौस. अमेरिकेत आयरीन कॅसल या नर्तकीने पहिल्या महायुद्धाच्या काळात केस कापले आणि बारीक मोत्यांची माळ कपाळाभोवती बांधली. तो पट्टा तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. एक नर्तकी, एक टेनिसपटू. अंग हलवणाऱ्या बायकांनी ही वस्तू रूढ केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणखी मागे गेलं तरी तेच दिसतं. ग्रीसमधल्या डेल्फीच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला कांस्याचा सारथी उभा आहे. रथाची शर्यत जिंकलेल्या या तरुणाच्या डोक्याला नक्षीदार पट्टा आहे. त्याची गाठ मागे, आणि कानापाशी कुरळे केस पट्ट्यातून सुटून बाहेर आलेले. पॉलिक्लिटस या शिल्पकाराचा प्रसिद्ध पुतळा तर जिंकल्यावर स्वतःच्या डोक्याला पट्टा बांधत असलेल्या खेळाडूचाच आहे. मूळ कांस्यशिल्प गेलं, रोमन काळातल्या संगमरवरी प्रती उरल्या. दोन्ही हात वर, कोपरं बाहेर, मान किंचित झुकलेली. आरशासमोर पट्टा बांधणारी कुणीही मुलगी आजही नेमकी अशीच उभी राहते.

अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांनी हाच कापडी पट्टा राजचिन्ह केला. आपल्या उपखंडात सापडणाऱ्या मिनँडरच्या, म्हणजे बौद्ध ग्रंथातल्या मिलिंद राजाच्या, चांदीच्या नाण्यांवर डोक्याला बांधलेला पट्टा आणि मानेवर लोंबणारी त्याची टोकं स्पष्ट दिसतात. रोममध्ये मात्र तेच कापड धोक्याचं ठरलं. इसवी सनापूर्वी 44 मध्ये, फेब्रुवारीतल्या लुपरकॅलिया उत्सवात, मार्क अँटनीने ज्युलियस सीझरपुढे असा पट्टा धरला आणि सीझरने तो सर्वांदेखत नाकारला. राजेपणाचा संशय तरी फिटला नाही. महिन्याभरात त्याचा खून झाला.

बांधलेला पट्टा डोक्यावर टिकतो कसा, हे आपल्याकडे लग्नात मुंडावळ्या बांधणाऱ्या बायकांना चांगलं ठाऊक असतं. कपाळ मागे उतरतं असतं, त्यामुळे दोरा सारखा वर सरकू पाहतो. डोक्याच्या मागच्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्यावर गाठ मारली तर होमाच्या वेळेपर्यंत मुंडावळ्या भांगापाशी जातात आणि करवली दर पाच मिनिटांनी त्या खाली ओढत बसते. गाठ उंचवट्याच्या खाली, अंबाड्याच्या बुडाशी घेतली की दोरा जागचा हलत नाही. रुमालाचा किंवा रेशमाचा पट्टाही तसाच बांधावा. इलास्टिकचा असेल तर शिवणीचा भाग त्या उंचवट्याखाली ठेवावा.

आपण रोज ज्याला हेअरबेल्ट म्हणतो तो अर्धगोल प्रकार वेगळ्या कुळातला. तो डोक्याला वेढा घालत नाही, दोन टोकांनी कानामागे चिमटा घेतो. इंग्रजीत त्याला अ‍ॅलिस बँड म्हणतात, तो लुईस कॅरलच्या अ‍ॅलिसवरून. 1865 च्या पहिल्या पुस्तकातल्या जॉन टेनिएलच्या चित्रांत अ‍ॅलिसचे केस मोकळेच आहेत. 1871 च्या दुसऱ्या पुस्तकात त्याने तिला पट्टा दिला. तिथून शाळकरी, सालस मुलीची खूण म्हणून तो चिकटला तो चिकटलाच. आपल्या शाळांतही लांब केसांना दोन वेण्या आणि रिबिनी, बॉबकटला काळा हेअरबेल्ट. 1998 च्या 'कुछ कुछ होता है'मध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या अंजलीच्या, म्हणजे काजोलच्या, आखूड केसांवर हेअरबँड आहे तो याच हिशेबाने, आणि त्या भूमिकेला तो शोभतोही. त्याआधी 1985 मध्ये मेलबर्नच्या एका समारंभात ब्रिटनच्या राजकुमारी डायनाने गळ्यातला पाचूंचा दागिना कपाळावर बांधला होता. दागिना मूळचा मेरी राणीचा, सुझानचा खेळ पाहणाऱ्या त्याच राणीचा. 2019 च्या उन्हाळ्यासाठी प्राडाने जाड, फुगीर सॅटिनचे पट्टे आणले आणि त्यांच्या स्वस्त आवृत्त्या जगभरच्या बाजारांत पोचल्या.

हे फुगीर पट्टे दिसतात छान, पण विकत घेताना मी आधी त्यांची टोकं बघते. तुळशीबागेत किंवा दादरला स्टॉलवर हेअरबेल्ट घेताना तो दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावा. सहज उघडून सावकाश मिटला तर ठीक. झटकन मिटला तर तासाभरात कानामागे ठणका लागणार. ही नाजूकपणाची तक्रार नव्हे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय वर्गीकरणात बाहेरच्या दाबाने होणाऱ्या डोकेदुखीची वेगळी नोंद आहे: घट्ट पट्टा, हेल्मेट किंवा पोहण्याचा चष्मा लावल्यापासून तासाभरात ती सुरू होते आणि काढल्यावर तासाभरात थांबते. मुलगी शाळेतून रोज डोकं धरून येत असेल, तर डोळे तपासून घ्याच, पण तिचा हेअरबेल्टही एकदा स्वतःच्या डोक्याला लावून पाहा.

टोकं कानाच्या मागे, हाडाच्या उंचवट्याला न टोचता बसावीत आणि ती कापडाने मढवलेली असावीत. आतले प्लॅस्टिकचे दात सरळ, दाट केसांना धरून ठेवतात. कुरळ्या केसांत मात्र ते अडकतात आणि काढताना केस तोडतात, तिथे आतून मखमल लावलेला पट्टा बरा. कपाळ लहान असेल तर रुंद पट्टा केसांच्या कडेपासून दोन-तीन बोटं मागे घ्यावा, म्हणजे चेहरा दबत नाही. केस तेलकट होणाऱ्यांनी सॅटिनपेक्षा धुता येणारं सुती कापड निवडावं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे आलंच.

सर्वांत जास्त काळजी करायला हवी ती केस मागे घट्ट ओढून त्यावर पट्टा दाबणाऱ्यांनी. रोजच्या ओढीने मुळं सैल होतात आणि कपाळाच्या कडेचे, कानशिलाजवळचे बारीक केस आधी जातात. लवकर ध्यानात आलं तर ते परत येऊ शकतात. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर ती जागा कायमची विरळ होते. म्हणून केस आधी सैलसर विंचरावेत, पट्टा पुढून मागे न ढकलता वरून सरळ ठेवावा, त्याची जागा रोज थोडी बदलावी, आणि घरी आल्यावर चपला काढतो तसा तोही काढून ठेवावा.