बेबंद मुलूख कोण ठरवतं? गेममधलं वाळवंट आणि आपलं शहापूर-मुरबाड

आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे आणि शहापूर-मुरबाडचाही आहे. या दोघांचा संबंध काय, तेच आज आपण बघणार आहोत.

तरुण श्रोत्यांना हे माहीत आहे, पण ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. 'ओपन वर्ल्ड' प्रकारच्या गेममध्ये ठरावीक वाटेनंच जायचं असं बंधन नसतं. समोर अख्खा देश मांडलेला असतो. त्यात जंगल, शहर, डोंगर, समुद्र असतो आणि खेळणारा वाटेल तिकडे फिरतो. या काल्पनिक देशांत एक प्रदेश बहुतेक वेळा असतोच, तो म्हणजे वाळवंट. अंग भाजणारं ऊन, पाण्याचा पत्ता नाही, वाटेवर लुटारूंचे तळ. तिथं पोचलो की समजायचं, राज्याचा कायदा मागं राहिला.

दोनच उदाहरणं घेऊ. 'द लेजंड ऑफ झेल्डा' मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम २०१७ साली आला. त्यात गेरुडो नावाचं वाळवंट आहे. दिवसा उष्म्यानं जीव जातो आणि रात्री थंडीनं. यिगा नावाची टोळीही याच भागात लपून राहते. पण याच वाळवंटाच्या मध्यात एक भरभराटीचं शहर आहे. तिथं फक्त बायकांना प्रवेश. वेशीवर पहारा असतो आणि खुद्द नायकालाही बाईचा वेष घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. म्हणजे बाहेरून बेबंद वाटणाऱ्या मुलखाला स्वतःचा नियम आहे, आणि तो चांगला कडक आहे.

दुसरं उदाहरण 'गेन्शिन इम्पॅक्ट'चं. त्यातला सुमेरू हा प्रदेश २०२२ साली खुला झाला. अर्धा सुमेरू घनदाट पावसाचं जंगल आणि अर्धा वाळवंट. मध्ये भलीमोठी भिंत. विद्यापीठ, सत्ता, पुस्तकं सगळं जंगलाच्या बाजूला. वाळवंटातली माणसं भाडोत्री पहारेकरी म्हणून पोट भरतात. जंगलातले विद्वान नकोसे झाले की त्यांना भिंतीपलीकडे धाडतात. आणि वाळूखाली मात्र एका जुन्या, संपन्न राज्याचे अवशेष सापडत जातात. हा मुलूख कायमच असा उजाड नव्हता, हे खेळणाऱ्याला हळूहळू कळतं.

यातून आम्ही तीन प्रश्न उचलले आहेत. हे वाळवंट झालं कशानं? तिथं कायदा नाही असं म्हणतात, तर कोणाचा कायदा नाही? आणि भिंतीच्या अल्याड राहणारे पल्याडून काय काय नेतात? हेच प्रश्न आता आपल्या जमिनीवर विचारू.

पहिला प्रश्न, वाळवंटाचा. तुम्ही म्हणाल, शहापूरला कसलं वाळवंट? खरं आहे. जैसलमेरला वर्षाकाठी साधारण दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याकडे साधारण अडीच हजार मिलिमीटर पडतो. तरीही एप्रिल उजाडला की कसारा, डोळखांब पट्ट्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात आणि विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं पाणी गोळा करतात. चार महिने धबधबे आणि पुढे दोन-तीन महिने वाळवंट.

याचं एक कारण भूगोलात आहे. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही आणि उतार तीव्र आहेत. पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून बघता बघता खाली निघून जातो. जंगल विरळ झालं, माती धुपली, की झरे आणखी लवकर आटतात.

दुसरं कारण माणसाचं आहे. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झालं, ते मुंबईसाठी. पुढे भातसा झालं. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. मुरबाडच्या बाजूला बारवीचं पाणी औद्योगिक वसाहती आणि शहरांकडे जातं. आता पाड्यावरच्या माणसाला धरण दिसतं, पण पाणी का मिळत नाही? धरण दरीत असतं आणि पाडा डोंगरावर. मुंबईकडे जाणारं पाणी उताराला लागतं. पाड्याकडे जाणारं पाणी पंपानं वर चढवावं लागतं. त्याला वीज लागते, बिल भरावं लागतं, पंप नादुरुस्त झाला तर दुरुस्त करणारा लागतो. ग्रामपंचायतीला ते झेपत नाही आणि योजना बंद पडते. म्हणूनच इगतपुरीकडच्या, उंचावरच्या भावली धरणातून शहापूरला उतारानं पाणी आणण्याची योजना मंजूर झाली. तिच्यामागचं गणित साधं आहे, पाणी वरून खाली येऊ द्यायचं. तेव्हा इथली टंचाई पावसाची नाही. पाणी कोणासाठी अडवलं आणि कोणत्या दिशेला वळवलं, याची ती टंचाई आहे.

आता दुसरा प्रश्न, कायद्याचा. मुरबाड तालुक्यातला नाणेघाट सगळ्यांनी पाहिला असेल. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा हा प्राचीन व्यापारी मार्ग. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असत असं लोक सांगतात. जिथं जकात आहे तिथं राज्य आहे. ही आपल्या वाळूखालची जुनी राजधानी समजा. शहापूरचा माहुली किल्ला घ्या. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी शेवटचा लढा दिला तो इथंच. म्हणजे हा मुलूख इतिहासाच्या कडेला पडलेला नव्हता.

या घाटवाटा राखायच्या कोणी? महादेव कोळी नाईकांनी. किल्ल्यांची शिबंदी, वाटांचा पहारा ही त्यांची कामं होती आणि त्याबद्दल वतनं आणि हक्क होते. १८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांनी किल्ल्यांवरची माणसं कमी केली, नाईकांचे हक्क आखडले. काल जो वाटेचा राखणदार होता, तो आज कागदोपत्री दरोडेखोर झाला. त्यात सावकारी कर्जाचा फास. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांचं बंड याच काळातलं, आणि नगर, नाशिक, पुणे, ठाणे या सगळ्या डोंगरपट्ट्यात ते पसरलं. रोख सावकारांवर होता. राघोजींना पंढरपूरला पकडलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. सरकारी दप्तरात ते लुटारू होते, आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. माणूस एकच आहे. कोण लिहितंय त्यावर शब्द बदलला.

आणि या लोकांत कायदाच नव्हता का? कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात महादेव कोळ्यांवर लिहून ठेवलंय. त्यांची 'गोतरणी' नावाची जातपंचायत होती, तिचे ठरलेले अधिकारी होते आणि गुन्हा ऐकून ती दंड सांगत असे. म्हणजे न्याय होता, पण तो कलेक्टर कचेरीच्या ओळखीचा नव्हता.

कातकऱ्यांची गोष्ट याहून कडवट आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल सरकारी झालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा परवानगीचा विषय बनला. परवानगी नसली की गुन्हा. माणूस तिथंच राहिला, कायद्याची रेघ त्याच्या अंगावरून पुढे सरकली. आज दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जाताना हातात उचल असते, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. ते फेडताना वर्ष सरतं.

इथं एक सावधगिरी. जुनं ते सगळं सोन्यासारखं होतं, असं आम्हाला म्हणायचं नाही. वाटमारी खरी होती, तिच्यात गरीबही नागवले गेले. जातपंचायतीचा निवाडा बाईला किंवा दुबळ्याला न्याय देईलच असं नव्हतं. म्हणून आधुनिक कायदा हवाच. प्रश्न तो पोचण्याचा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. तरी उचलीत अडकलेल्या मजुराला भट्टीवर हिशेब विचारता येत नसेल, तर खरा बेबंद मुलूख तोच. तिथं कायदा लिहिलेला आहे, पण त्या माणसापर्यंत आलेला नाही.

आता तिसरा प्रश्न, भिंतीपलीकडून काय नेलं जातं? पाणी नेलं जातं, मजुरी नेली जाते, पूर्वी लाकूड आणि पहारा नेला जात असे. परत काय येतं? काही चांगलं आलं आहे. १९८५ च्या आदेशानुसार शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. त्यामुळे इथं १९९६ चा पेसा कायदा लागू होतो आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला सामूहिक हक्क मागता येतो. पेसा कायद्यात तीन गोष्टी वाचून बघा. गौण वनोपजावर गावाची मालकी, लहान जलाशयांचं नियोजन पंचायतीकडे आणि आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण. राघोजी ज्या सावकारीविरुद्ध उभे राहिले, तिच्यावर लगाम घालायचा अधिकार दीडशे वर्षांनी गावाच्या हातात कागदावर तरी आला. जंगलाचा प्रश्नही आला. पाण्याचा मात्र अर्धाच आला, कारण तळं गावाचं झालं आणि भातसा गावाचं नाही.

खेळणाऱ्या मित्रांना एवढंच सांगू. गेममध्ये वाळवंटात शिरल्यावर तुम्ही तिथल्या माणसांशी बोलता, त्यांची कामं करता आणि मग तो मुलूख तुम्हाला वेगळा दिसू लागतो. माळशेजला धबधबे बघायला दरवर्षी पावसाळ्यात गर्दी होते. तोच रस्ता एकदा मे महिन्यात धरा. एखाद्या पाड्यावर थांबा, विहिरीला पाणी किती आहे ते विचारा आणि ग्रामसभा शेवटची कधी झाली तेही विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.