मूळव्याध आणि फिशर : नाव एक, दुखणी दोन

‘मला मूळव्याध आहे’ असे सांगणाऱ्यांना नेमके काय होते असे विचारले, तर दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. काहीजण म्हणतात, शौचाच्या वेळी लालभडक रक्त पडते, पण दुखत मुळीच नाही. इतर म्हणतात, रक्त थोडेसेच. पण कापल्यासारख्या वेदना होतात आणि नंतर बराच वेळ आग होत राहते. पहिल्यांना बहुधा मूळव्याध असते. दुसऱ्यांना बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली भेग असते.

एक दुखते, एक दुखत नाही, असे का?

गुदमार्ग जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचा. त्याच्या आत एक दातेरी रेषा असते. रेषेच्या वरच्या अस्तराला कापल्या-टोचल्याची वेदना जवळजवळ जाणवत नाही. रेषेखालची त्वचा मात्र अतिशय संवेदनशील असते.

रेषेच्या वर रक्तवाहिन्या व मऊ ऊतक यांच्या उशा असतात. त्या निरोगी माणसातही असतात आणि गुदद्वार घट्ट मिटायला मदत करतात. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन यांनी १९७५ साली हे मांडले आणि मूळव्याधीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वारंवार कुंथण्याने, गरोदरपणात किंवा वयोमानानुसार उशांचा आधार सैल होतो. त्या फुगतात, खाली सरकतात आणि मळ घासून रक्त येते. उशी बाहेर आली की आपण तिला ‘कोंब’ म्हणतो. बाहेरच्या बाजूस रक्त गोठून गाठ झाली, तर मात्र मूळव्याधही खूप दुखते.

फिशर रेषेखाली होते. कडक मळाने त्वचा फाटते. वेदनेमुळे गुदद्वाराभोवतीचा आतला वर्तुळाकार स्नायू आवळला जातो. तो आपल्या इच्छेनुसार सैल करता येत नाही. आवळलेल्या स्नायूमुळे भेगेला रक्त कमी मिळते व ती भरत नाही. रोगी भीतीने शौच टाळतो. दरम्यान मोठे आतडे मळातील पाणी शोषत राहते, मळ अधिक कडक होतो आणि भेग पुन्हा उघडते.

उपचार

दोन्हींत पहिला उपाय एकच : मळ मऊ ठेवणे. भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, सालासकट फळे आणि भरपूर पाणी. चोथा वाढवून पाणी न वाढवल्यास त्रास वाढू शकतो. इसबगोल उपयोगी पडते. शौचाची भावना होताच जावे. मोबाइल घेऊन बसून राहू नये. कोमट पाण्यात बसल्याने आराम पडतो.

नवी भेग बहुधा सहा ते आठ आठवड्यांत एवढ्यानेच भरते. न भरल्यास स्नायू सैल करणारे मलम देतात, आणि तेही न चालल्यास स्नायूला लहानसा छेद देतात. मूळव्याधीत आतल्या कोंबाच्या मुळाशी रबराचे कडे बसवून त्याचा रक्तपुरवठा तोडता येतो. बाहेरच राहणाऱ्या मोठ्या कोंबांना शस्त्रक्रिया लागते. ‘एका इंजेक्शनात खात्रीने बरे’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींवर विसंबू नये. अशा उपचारांनी जखम चिघळू शकते.

रक्त म्हणजे मूळव्याधच, असे नाही

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. लाजेपोटी लोक ‘मूळव्याधच असेल’ असे म्हणत महिने काढतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. रक्त वरचेवर पडत असेल, शौचाच्या सवयी बदलल्या असतील, वजन घटत असेल, अशक्तपणा किंवा पंडुरोग असेल, तर तपासणी करून घ्यावीच. चाळिशीनंतर तर विशेषच.

शाळेत काय करता येईल?

फिशर लहान मुलांनाही होते. शाळेतील शौचालय घाण असेल, पाणी किंवा कडी नसेल, तर मुले, विशेषतः मुली, शौच दाबून ठेवतात आणि जाऊ नये म्हणून पाणीही पीत नाहीत. वर सांगितलेले दुष्टचक्र येथूनच सुरू होते. म्हणून तासाला कुणी परवानगी मागितली तर ‘सुट्टीत जा’ म्हणू नये. पचनसंस्था शिकवताना शेवटचा भाग घाईने उरकू नये. ज्या अवयवाचे नाव वर्गात मोकळेपणाने घेतले जाते, त्याचे दुखणे डॉक्टरांना सांगणेही पुढे सोपे जाते.