लहान गावाचा संघ आणि तिकिटाचा गल्ला

भामरागडच्या आठवडी बाजारात तयार कपड्यांच्या पालांवर मेस्सी आणि रोनाल्डो यांच्या नावाच्या जर्सी टांगलेल्या दिसतात. हेमलकशाची आणि आसपासच्या पाड्यांतली पोरे हौसेने त्या विकत घेतात. त्या विक्रीतला एक पैसाही त्या खेळाडूंच्या क्लबांना मिळत नाही. तो पालवाल्याचा आणि माल शिवणाऱ्या कारखानदाराचा धंदा आहे. मग व्यावसायिक फुटबॉल क्लब जगतो कशावर? आणि ज्याच्या पाठीशी मुंबई-कलकत्त्यासारखे शहर नाही, असा लहान गावाचा संघ तिकिटे विकून उभा राहू शकतो काय?

हा प्रश्न गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकांनी विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे कारण जनगणनेत सापडते. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७२ हजार होती. त्याच वर्षी अख्ख्या मिझोराम राज्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ९७ हजार होती. दोन्हीकडे जंगल, दोन्हीकडे आदिवासी समाज, दोन्हीकडे पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते. मिझोरामची राजधानी ऐजॉल सुमारे २ लाख ९३ हजार वस्तीची, तर आपले चंद्रपूर शहर ३ लाख २० हजारांचे. म्हणजे ऐजॉलपेक्षा थोडे मोठेच! त्या ऐजॉलच्या संघाने २०१६-१७ च्या हंगामात आय-लीग जिंकली. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला.

या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेले खालिदसाहेब महिंद्र युनायटेडकडून खेळले आणि पुढे २००९ ते २०१६ या काळात मुंबई एफसी या क्लबाचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या खर्चात त्यांनी तो संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचवला. मुंबईने त्यांना सोडले, ते ऐजॉलला गेले, आणि सोबत जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईचे ओळखीचे खेळाडूही नेले. त्याच एका हंगामात ऐजॉल विजेता झाला आणि मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहून खाली घसरला. पुढे तो क्लब बंदच झाला. सव्वा कोटी वस्तीच्या शहराचा संघ गेला आणि तीन लाखांच्या शहराचा संघ देशात पहिला आला. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले, तेव्हा वर्तमानपत्रांना ही हकिगत पुन्हा आठवली. पण तिची व्यापारी बाजू फारशी कोणी उलगडली नाही.

गल्ल्याचे गणित

क्लबाकडे पैसा चार वाटांनी येतो. तिकीट, जाहिरातदार म्हणजे प्रायोजक, दूरचित्रवाणीचे हक्क, आणि तयार केलेला खेळाडू मोठ्या क्लबाला विकून मिळणारी रक्कम. हिंदुस्थानात दूरचित्रवाणीचा पैसा लहान क्लबाच्या हाती क्वचितच पडतो. त्या वाटेवर विसंबणे किती धोक्याचे, हे २०२५ मध्ये दिसलेच. फुटबॉल महासंघाचा २०१० पासूनचा पंधरा वर्षांचा व्यापारी करार संपत आला, नवा ठरला नाही, आणि देशातली सर्वांत मोठी लीग वेळेवर सुरू होऊ शकली नाही.

तिकिटाचा हिशेब मात्र कोणताही दुकानदार मांडू शकतो. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये दहा संघ होते. प्रत्येकाचे अठरा सामने, त्यांपैकी नऊ घरच्या मैदानावर. समजा, दर सामन्याला दहा हजार माणसे आली आणि तिकीट पन्नास रुपये ठेवले. एका सामन्याचा गल्ला पाच लाख, नऊ सामन्यांचा पंचेचाळीस लाख. त्यातून मैदानाचे भाडे, बंदोबस्त, तिकिटांची छपाई, दारावरची माणसे वजा करा. ऐजॉलच्या त्या वर्षीच्या खर्चाचा आकडा सुमारे दोन कोटी रुपये असा त्या वेळी छापून आला होता, आणि लीगमध्ये तो अगदी कमी समजला जात होता. म्हणजे मैदान नऊही वेळा गच्च भरले, तरी तिकिटातून खर्चाचा चौथा हिस्सासुद्धा निघत नाही.

मग तिकिटाची एवढी काळजी कशाला? मालक खिशातून भरतो आहेच, तर लोकांना फुकट सोडावे, असे पुष्कळांना वाटते. नेमकी इथेच चूक होते. भरलेले मैदान ही लहान क्लबाची पत आहे. ज्या मैदानात दहा हजार डोळे आहेत तिथल्या फलकाला जाहिरातदार भाव देतो. ओस मैदानात तोच फलक फुकट लावायलाही कोणी येत नाही. शिवाय तिकीट काढलेला माणूस पुढच्या शनिवारी पुन्हा येतो, फुकट आलेला येईलच असे नाही. पाचदहा रुपये का होईना, दिले की माणूस हिशेब मागू लागतो, आणि हिशेब मागणारे गिऱ्हाईक हे टिकणारे गिऱ्हाईक असते.

सीझन पास ही याचीच पुढची पायरी. एस.टी.च्या मासिक पासासारखा हा प्रकार: हंगामाच्या आधीच सगळ्या घरच्या सामन्यांचे पैसे थोड्या सवलतीने घ्यायचे. क्लबाच्या दृष्टीने हे बिनव्याजी भांडवल आहे. पाऊस पडो, संघ हरो, पैसा आधीच जमा आहे, आणि पगारासाठी सावकाराच्या दारात जावे लागत नाही. आपल्या वाचकांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या राज्यात काय झाले

महाराष्ट्राची यादी वाचून मन खट्टू होते. महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता झाला आणि २०१० मध्ये कंपनीने संघ मोडला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता, २०१५ मध्ये मुख्य संघ बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम चालला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबई एफसीचे वर आलेच. दहा वर्षांत सहा क्लब! यांतल्या बहुतेकांचे खेळणे वाईट नव्हते. पण ते एकेका मालकाच्या मर्जीवर उभे होते. मर्जी फिरली तेव्हा अडवायला मागे गिऱ्हाईक नव्हते. पुण्याचे संघ बालेवाडीला खेळत. ते संकुल देखणे, पण पेठांतल्या माणसाला सामना पाहून घरी परतणे म्हणजे अर्धा दिवस मोडणे. कूपरेज मैदानाचे काम चालू होते तेव्हा तर मुंबई एफसीला आपले घरचे सामने पुण्यात खेळावे लागले. ज्या किराणा दुकानाने दोन वर्षे दीडशे किलोमीटरवर माल विकला, त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला दोष कसा देणार?

याच राज्यात कोल्हापूर आहे. तिथे व्यावसायिक लीगचा संघ नाही, दूरचित्रवाणी नाही. तरी पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते आणि लोक तिकीट काढून आत जातात. तालीम म्हणजे पेठ. गणपती तिथेच, अनेक तालमींत मोहरमचे पंजेही तिथेच, आणि फुटबॉलचा संघही तिथलाच. संघ हरला तर तो मालकाचा पराभव नसतो, गल्लीचा असतो. याला दुसरी बाजूही आहे. ईर्ष्येपायी हुल्लडबाजी होते, मारामारी होते, पोलिसांना मध्ये पडावे लागते. अशा दिवशी बायकामुलांना घेऊन कोण येईल? एका हुल्लडीने पुढच्या चार सामन्यांचा कौटुंबिक गल्ला जातो, हे तालीमवाल्यांनी व्यापारी म्हणूनही पाहायला हवे.

ऐजॉल आणि कोल्हापूर यांच्यात सारखी गोष्ट हीच. मिझोराममध्ये २०१२ पासून राज्याची स्वतःची लीग चालू झाली आणि तिथल्या केबल कंपनीने ती घराघरात दाखवली. २०१४ मध्ये मिझोरामने संतोष करंडक जिंकला. म्हणजे ऐजॉलचा संघ वर आला तेव्हा त्याचे गिऱ्हाईक आधीच तयार होते. मालक रॉबर्ट रॉयटे हेही तिथलेच व्यावसायिक.

केवळ प्रेम असून भागत नाही, हेही खरे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे नाव १८९१ पासून आहे. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्यांनी कलकत्ता लीग जिंकली, आणि देशभरच्या मुसलमान घरांत या संघाबद्दल आपुलकी आहे. २०२४ मध्ये ते आय-लीग जिंकून वरच्या लीगमध्ये गेले, आणि पहिल्याच हंगामात खेळाडूंचे पगार थकले. नागपुरात बसून मोहमेडनसाठी दुआ करणारा माणूस कलकत्त्यात तिकीट काढत नाही. चाहता आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या याद्या आहेत.

चंद्रपूर की गडचिरोली?

आता घरचा हिशेब. गडचिरोलीची दहा लाख माणसे १४ हजार ४०० चौरस किलोमीटरवर पसरली आहेत. जिल्ह्याच्या गावी २०११ मध्ये जेमतेम ५४ हजार वस्ती होती. मिझोरामची चौथ्या हिश्शाहून जास्त माणसे एकट्या ऐजॉलमध्ये राहतात. फरक पडतो तो इथे. हेमलकशाहून चंद्रपूर दीडशे किलोमीटरहून अधिक, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. तिथला मुलगा चाहता होईल, कदाचित खेळाडूही होईल, पण पासधारक होणार नाही. तिकिटासाठी मोजायची ती माणसे, जी सामना पाहून त्याच रात्री घरी पोचतील. त्या मापाने गडचिरोलीत संघ काढणे घाईचे होईल. चंद्रपूर आणि पंधरा किलोमीटरवरचे बल्लारपूर धरले तर चार लाखांवर वस्ती होते. विचार व्हायचा तर तिथे व्हावा.

आणि तिकीट विकण्याची अक्कल बाहेरून आणायला नको. जिल्ह्याच्या उत्तर भागात झाडीपट्टीची नाटके आहेतच. दिवाळी होऊन धान घरात आले की गावोगावची मंडळे वडशाला जातात, कंपनीला इसार देऊन नाटक ठरवतात, मंडप घालतात आणि तिकिटे विकतात. मंडई किंवा शंकरपट त्याच दिवशी, म्हणजे पाहुणे गावात असतातच. जोखीम मंडळाची, म्हणून तिकीट खपवायला गावातला प्रत्येक कार्यकर्ता फिरतो. हातात पैसा कधी असतो, माणूस कोणत्या दिवशी मोकळा असतो, हे या मंडळांना पुण्याच्या क्लबांपेक्षा चांगले कळते. आय-लीगचा हंगामही साधारण हिवाळा-उन्हाळ्याचाच असे.

प्रायोजक निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. चंद्रपूरला कोळसा आहे, बल्लारपूरला कागद, सुरजागडला लोहखनिज. एखादी मोठी कंपनी सगळा भार उचलायला तयार होईलही. पण एकाच खांबावर तंबू उभारला की काय होते, हे वरच्या यादीत आहे. दहा लहान व्यापाऱ्यांचे दहा फलक त्यापेक्षा बरे. छातीवर कोणाचे नाव मिरवायचे हाही प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये २०१३ साली न्यूकासल क्लबाच्या जर्सीवर जबर व्याजाने कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव आले, तेव्हा पापिस सिसे या मुस्लिम खेळाडूने आधी ती घालायला नकार दिला होता. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्या कंपन्यांचा जाहिरातीचा पैसा एका रात्रीत आटला. हराम-हलालचा विचार बाजूला ठेवला तरी तो पैसा कच्चाच निघाला.

ऐजॉलचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. त्या काळी आय-लीग जिंकणाऱ्याला वरच्या लीगमध्ये बढती नव्हती. तिथली जागा पैसे मोजून मिळे. मालकाने उपोषणाचा इशारा दिला, उपयोग झाला नाही. खालिद जमील आणि सीरियाचा महमूद अल अमना ईस्ट बंगालला गेले, बाकीचे खेळाडू पांगले. संघ मात्र मोडला नाही; महाराष्ट्राच्या यादीतले सहा क्लब बंद पडल्यानंतरही ऐजॉल आय-लीगमध्ये खेळत राहिला.

चंद्रपुरात सुरुवात करायची तर ती नागपूरच्या जिल्हा लीगकडे पाहून करावी. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब यांसारखे वस्तीचे संघ तिथे खेळत आले आहेत. कोटींची भाषा नको. पाचशे माणसांनी हंगामाचे तीनशे रुपये आधी दिले तर दीड लाख होतात. तेवढ्यात गणवेश, चेंडू आणि नागपूरच्या काही फेऱ्यांची गाडी निघते. ते पाचशे पास हंगामाआधी खपतात की नाही, एवढे आधी पाहावे. संघाचे नाव आणि रंग नंतर ठरवता येतील.