व्हीएममध्ये सॉफ्टवेअर चालतंय, पण काउंटरवर उघडत नाही? या ४ तपासण्या करा



तुम्ही दुकानातल्या एका विंडोज कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्यात उबुंटू आणि त्यावर ओडूची मोफत कम्युनिटी आवृत्ती बसवली. व्हीएमच्या आत सगळं छान उघडतं. काउंटरच्या कॉम्प्युटरवर मात्र पानच येत नाही आणि समोर गिऱ्हाईक बिलासाठी उभं!

अशा वेळी घाईघाईत सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करू नका. बिलांचा डेटाबेस त्याच व्हीएममध्ये आहे, तो पण जाईल.

एक गोष्ट समजून घ्या. व्हीएम म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला दुसरा कॉम्प्युटर. त्याचं नेटवर्क कार्ड वेगळं, पत्ताही वेगळा. म्हणून तपासणी नेहमी आतून बाहेर करत जायची.

१. आत चालतंय का?
व्हीएममधल्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०६९ टाका. ८०६९ हा ओडूचा नेहमीचा पोर्ट. इथेच उघडलं नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा. नेटवर्कला हात लावू नका.

२. पत्ता कोणता?
टर्मिनलमध्ये 'आयपी ए' ही कमांड द्या. १०.०.२.१५ दिसलं की समजायचं, व्हीएम 'नॅट'वर आहे. व्हर्च्युअलबॉक्स सुरुवातीला हेच देतं. नॅटमध्ये आतून इंटरनेट चालतं, पण बाहेरच्याला आत येता येत नाही. नेट चालू दिसतं म्हणून आपण फसतो ते इथेच. सेटिंग्जमध्ये नेटवर्कला जाऊन 'ब्रिज्ड अ‍ॅडॅप्टर' निवडा. खाली कार्डाचं नाव येतं, तिथे प्रत्यक्ष वापरात असलेलंच कार्ड घ्या. वायफाय कार्डावर ब्रिज कधी कधी चालत नाही, तेव्हा लॅन केबल जोडा. आता राउटर व्हीएमला स्वतंत्र पत्ता देईल.

३. काउंटरवरून रस्ता आहे का?
त्या नव्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं पण पान उघडलं नाही, तर उबुंटूचं फायरवॉल ८०६९ अडवतंय का ते बघा. ओडू फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तरी असंच होतं. पिंगलाच उत्तर नसेल, तर काउंटरचा कॉम्प्युटर राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर नाही ना, हे आधी पाहा.

४. काल चाललं, आज बंद?
राउटरने बहुतेक पत्ता बदलला. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये व्हीएमचा मॅक अ‍ॅड्रेस टाकून पत्ता राखीव करा.

आणि हो, घरून बिलं बघायची म्हणून राउटरवर ८०६९ पोर्ट उघडून ठेवू नका. तुमच्या हिशेबाचं लॉगिन पान साऱ्या जगासमोर येतं. त्यासाठी व्हीपीएन वापरा.

सगळं जमलं की व्हीएमचा पत्ता, पोर्ट आणि 'ब्रिज्ड' हा शब्द कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. पुढच्या वेळी तुम्ही दुकानात नसलात, तरी तुमचा माणूस फोनवर ऐकून दुरुस्ती करेल आणि काउंटर थांबणार नाही.