खगोलीय छायाचित्रणाचा लहान दूरदर्शक

खस्थ पदार्थांची छायाचित्रे घेण्यासाठी वापरावयाचा, साधारणपणे ६ ते ८ सेंमी. द्वारकाचा (वस्तुभिंगाच्या व्यासाचा) दूरदर्शक व त्याला ताऱ्यांबरोबर फिरविणारी बैठक यांचा संच.

तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील (आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातील) विजयदुर्ग येथे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉक्यर यांच्या पथकाने सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटेच होती. अंधुक अभ्रिकांना मात्र एकेका चित्रासाठी कित्येक मिनिटांचे उद्भासन लागते आणि तेवढ्या वेळात आकाश स्थिर राहत नाही. खगोलीय विषुववृत्तावरील तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. ४०० मिमी. केंद्रांतराच्या दूरदर्शकाला ४ मायक्रॉन चित्रबिंदूंचा कॅमेरा जोडल्यास ताऱ्याची प्रतिमा एका सेकंदात सुमारे सात चित्रबिंदू ओलांडते. म्हणून नवशिक्याचे लक्ष नळीकडे जात असले, तरी खर्चाचा मोठा वाटा बैठकीवरच करणे इष्ट. तिची भारक्षमता दूरदर्शक व कॅमेरा यांच्या एकत्रित वजनाच्या दीडपट ते दुप्पट असावी.

दीर्घ उद्भासनासाठी विषुववृत्तीय बैठक लागते. साध्या उंची-दिगंश बैठकीने तारा मध्यभागी राहतो, पण चित्रक्षेत्र फिरते. विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवाक्ष स्थानाच्या अक्षांशाइतका, म्हणजे रत्नागिरीस १७° कलता ठेवावा लागतो. उत्तरेकडील देशांसाठी बनविलेल्या काही बैठकी इतक्या खाली झुकत नाहीत किंवा झुकविल्यास प्रतिभार तिपाईच्या पायाला अडतो. खरेदीपूर्वी हे पाहिलेच पाहिजे. ध्रुवतारा क्षितिजालगतच्या धूसर हवेत पुष्कळदा हरवतो. अशा वेळी याम्योत्तर वृत्ताजवळच्या व पूर्वेकडच्या ताऱ्यांचे उत्तर-दक्षिण सरकणे पाहून अक्ष जुळवितात. याच अक्षांशामुळे नरतुरंगातील ओमेगा तारकागुच्छ मात्र दक्षिणेस सुमारे २५° वर येतो.

नळी म्हणून वर्णविपथन कमी असलेला प्रणमनी दूरदर्शक सोयीचा. ४०० मिमी. केंद्रांतराने देवयानी दीर्घिकेची प्रतिमा सुमारे २१ मिमी. लांब पडते; चंद्राची जेमतेम ३·६ मिमी., तर गुरूची ०·१ मिमी.हूनही लहान. ग्रहांसाठी अर्थातच दीर्घ केंद्रांतर हवे.

जांभ्याच्या सड्यांवर तिपाई घट्ट बसते व गावदिव्यांपासून दूर अंधारही मिळतो. वारा मात्र सोसावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात निरीक्षण जवळजवळ बंद असते. दमट हवेत भिंगांवर बुरशी येते व खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात. म्हणून दूरदर्शक घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलसह ठेवतात आणि दवाने भिजल्यास पूर्ण वाळवूनच पेटी बंद करतात.