शैक्षणिक संज्ञांचे इंग्रजी रूपांतर : येवल्याच्या एका दाखल्याच्या निमित्ताने

नाशिक जिल्ह्यातील येवला हे तालुक्याचे गाव पैठणीच्या विणकामासाठी सर्वपरिचित आहे. तेथील एखाद्या विणकराची मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करते असे समजू. तिला आपल्या मराठी कागदपत्रांचे इंग्रजी रूपांतर अर्जासोबत जोडावे लागते. ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याला इयत्ता, तुकडी, दाखला या गोष्टींची कल्पना नसते. त्याच्यासमोर असतो तो केवळ अनुवादकाचा शब्द, आणि त्या शब्दावरून मुलीच्या शिक्षणाची वर्षे मोजली जातात. शैक्षणिक संज्ञांच्या भाषांतराचा प्रश्न निव्वळ भाषेचा नाही, तो न्यायाचाही आहे, हे यावरून ध्यानात येईल.

प्रथम ‘शाळा सोडल्याचा दाखला’ घेऊ. आपल्याकडे त्याचे रूढ इंग्रजी नाव ‘स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट’ असे असून कित्येकदा मूळ कागदावरच ते छापलेले असते. या दाखल्यात जन्मतारीख, जात, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण इत्यादी नोंदी असतात. विद्यार्थी चौथीतून गेला तरी तो मिळतो. परीक्षा उत्तीर्ण होण्याशी त्याचा संबंध नाही. परंतु आयर्लंडमध्ये ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ हे माध्यमिक शिक्षणाच्या अखेरच्या सार्वजनिक परीक्षेचे नाव आहे. तेथील वाचक या दाखल्यालाच परीक्षेचे प्रमाणपत्र समजण्याचा संभव आहे. भारताच्या अन्य अनेक राज्यांत याच कागदाला ‘ट्रान्स्फर सर्टिफिकेट’ म्हणतात, व त्या नावातून त्याचे कार्य अधिक स्पष्ट होते. तथापि छापील नाव बदलण्याचा अधिकार अनुवादकास नाही. नाव कायम ठेवून, हा शाळा बदलताना द्यावयाचा नोंदींचा उतारा होय, असा खुलासा त्याने एका वाक्यात जोडावा.

‘कनिष्ठ महाविद्यालय’ ही संज्ञा याहून फसवी आहे. ‘ज्युनिअर कॉलेज’ हा तिचा अनुवाद शब्दशः अचूक आहे. परंतु अमेरिकेत त्या नावाची संस्था बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतरची दोन वर्षे शिकविते. आपल्याकडील अकरावी व बारावी ही त्या बारा वर्षांतीलच शेवटची दोन वर्षे होत. शब्द एकच, पण हिशेबात दोन वर्षांचा फरक पडतो. काळानुसारही असाच फरक पडतो. महाराष्ट्रात १९७५ पूर्वीची एस. एस. सी. परीक्षा अकरा वर्षांच्या शिक्षणाअंती होत असे. पुढे ती दहावीच्या अखेरीस होऊ लागली. अर्जदार वयस्क असल्यास प्रमाणपत्राचे वर्ष पाहिल्यावाचून त्याच्या संज्ञेचा अर्थ लावता येत नाही.

मूळ संज्ञा इंग्रजीच असली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. ‘ए. टी. के. टी.’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या शब्दांचा हा संक्षेप. ‘टर्म भरणे’ ही कल्पना इंग्लंडातील जुनी विद्यापीठे व बॅरिस्टरांच्या संस्था यांच्याकडून आलेली आहे. ज्या डॉ. आंबेडकरांच्या १३ ऑक्टोबर १९३५ रोजीच्या धर्मांतराच्या घोषणेमुळे येवल्याचे नाव देशभर झाले, त्यांनीही लंडनच्या ग्रेज इनमध्ये अशा टर्म भरल्या होत्या. तेथे त्याचा अर्थ ठराविक सत्रांतील उपस्थिती एवढाच होता. आपल्याकडे मात्र काही विषय राहिले असूनही वरच्या वर्गात बसण्याची मुभा, असा अर्थ त्याला आला. आजच्या इंग्रज वाचकास ही चार अक्षरे निरर्थक वाटतील. त्यांच्या जागी ‘उत्तीर्ण’ लिहिणे खोटे आणि ‘अनुत्तीर्ण’ लिहिणे अन्यायाचे होईल. राहिलेले विषय नंतर देण्याच्या अटीवर पुढील वर्षात प्रवेश, असेच साध्या इंग्रजीत सांगितले पाहिजे.

ही अडचण केवळ मराठीची नाही. स्पॅनिशमधील ‘बाचिलेरातो’ हा शब्द ‘बॅचलर’ पदवीसारखा दिसतो. परंतु स्पेनमध्ये तो सोळा ते अठरा या वयातील शालेय अभ्यासक्रमाचा वाचक आहे. ‘कोलेहिओ’ म्हणजे बहुधा शाळा, ‘कॉलेज’ नव्हे. तेथील ‘कोलेहिओ कोन्सेर्तादो’, म्हणजे १९८५ च्या कायद्यान्वये सरकारी पैशावर चालणारी खाजगी शाळा, इंग्रज वाचकास समजावून द्यावी लागते. आपल्या ‘खाजगी अनुदानित शाळे’ची कल्पना असलेल्या मराठी वाचकास मात्र ती चटकन उमगते. यावरून दिसते की संज्ञेचा खरा प्रतिशब्द शब्दसाम्यात नसून व्यवस्थेच्या साम्यात शोधावा लागतो.

असे साम्यच नसेल तेथे मूळ शब्द ठेवणे श्रेयस्कर. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या कार्यातून पुढे आलेली ‘अंगणवाडी’ १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोहोचली. आज हा शब्द भारतीय इंग्रजीत जसाच्या तसा रुळला आहे. त्याचे ‘कोर्टयार्ड’ केले असते तर अंगण उरले असते, वाडी गेली असती. याउलट ‘शिक्षणसेवक’ ही संज्ञा नुसती ठेवल्याने भागत नाही, व ‘सेवक’ या शब्दाचा कोशातील अर्थ घेतल्यास शिक्षकाचा शिपाई होतो. नियमित नियुक्तीपूर्वी ठराविक काळ निश्चित मानधनावर काम करणारा शिक्षक, हा खुलासा तेथे अपरिहार्य आहे.

येथे एका मर्यादेचा निर्देश केला पाहिजे. इंग्रजी सहज वाटावे म्हणून दहावीच्या प्रमाणपत्राला इंग्लंडातील परीक्षेचे नाव देण्याचा मोह अनुवादकास होतो. ते भाषांतर नव्हे, समकक्षतेचा निवाडा होय. आणि तो निवाडा देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत. अनुवादकाने त्यांच्यापुढे किती वर्षे, कोणत्या वयात, कोणत्या परीक्षेअंती, एवढी वस्तुस्थिती निःसंदिग्धपणे ठेवावी. येवल्याच्या त्या मुलीची वर्षे त्याने वाढवू नयेत, आणि त्यांपैकी एकही हरवू देऊ नये.