विजेची गाडी आणि लांबचा पल्ला : आधी हिशेब, मग हप्ता

आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण भाड्याच्या गाडीवर संसार चालवतात. विजेची गाडी घ्यावी का, हा प्रश्न आता ते विचारू लागले आहेत. लांबची भाडी करणाऱ्यांनी उत्तर जाहिरातीत शोधू नये, कागद-पेन्सिल घेऊन बसावे, असे आम्हाला वाटते.

नागपूर ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. 5 जून 2025 पासून तो पूर्ण खुला झाला. समजा, गाडीची बॅटरी 40 युनिटची आहे. जाहिरातीतील पल्ला ठरावीक चाचणीतला असतो. महामार्गावर वेग वाढला की हवेचा अडथळा वाढतो, त्यात विदर्भाच्या उन्हात एसी चालतो. म्हणून युनिटला 6 किलोमीटरच धरू. भरलेली बॅटरी 10 टक्क्यांपर्यंत वापरली, तर 216 किलोमीटर होतात. पुढे जलद चार्जरवर 80 टक्क्यांपर्यंतच भरावी, कारण त्यानंतर चार्जिंग मंदावते. तेव्हा दर टप्पा 168 किलोमीटरचा. म्हणजे वाटेत तीन थांबे, प्रत्येकी सुमारे तासाभराचे. चार्जर बंद असला किंवा रांग लागली तर वेळ आणखी जातो. तो खोळंबा गिऱ्हाईक सोसेल काय?

आता पैसा. घरची वीज 10 रुपये युनिट धरली, तर किलोमीटरला 1 रुपया 67 पैसे पडतात. रस्त्यावरच्या चार्जरवर 24 रुपये धरले, तर 4 रुपये. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि लिटरला 18 किलोमीटर धरले, तर सुमारे 5 रुपये 80 पैसे. म्हणजे खरी बचत घरच्या चार्जिंगची आहे. चाळीत गाडी लावायलाच जागा नसेल, तर ही बचत निम्म्याहून खाली येते. हप्ता मात्र तेवढाच राहतो.

म्हणून आमचे मत असे : रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरून रात्री स्वतःच्या सॉकेटशी परतणाऱ्याने ही गाडी जरूर घ्यावी. आठवड्यातून दोन-तीनदा पाच-सातशे किलोमीटर जाणाऱ्याने, आणि ज्याच्या घरी चार्जिंग नाही त्याने, तूर्त सीएनजी-पेट्रोलचा विचार करावा. तरीही घ्यायचीच असेल, तर बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि भाड्याच्या गाडीला ती लागू आहे का, हे लेखी घ्यावे.

कर्जावर सही एकाची असते, पण हप्ता सारे घर फेडते. म्हणून हा हिशेब घरातल्या बायामाणसांसमोर मांडा आणि मगच सही करा.